वरुणेपलीकडे

काशीत दुर्गाघाटाच्या आमच्या गल्लीत कुणाला तिथी हवी असली तर पंचांग उघडायचे कष्ट कुणी घेत नाही. शरदिनीच्या खिडकीखाली उभं राहायचं आणि हाक मारायची. ती वर वाती वळत बसलेली असते. मान वर न करता सांगते, अष्टमी दुपारी दोनपर्यंत, मग नवमी. माझ्या घरात सोलापूरहून मागवलेलं पंचांग खुंटीला टांगलेलं असतं, तरी मीही तिलाच विचारते. अडतीस वर्षं शाळेत मास्तरकी केली, पण स्मार्त एकादशी कुठली आणि भागवत कुठली हे मला अजून उमगलेलं नाही. तिला उमगतं, कारण ती मंगला गौरीच्या देवळाजवळच्या वैदिकांच्या घरात वाढली आणि वैदिकांच्याच घरात दिली गेली.

हे आधी सांगायचं कारण असं, की तिच्या नवऱ्याचा जीव कशाने गेला हे तिला पावणेदोन वर्षं कुणीही धड सांगितलं नाही. शेवटी ते एका तिथीने सांगितलं.

नवरा वेणीमाधव. एकोणपन्नास वर्षांचा, अंगाने भरलेला, हसरा माणूस. दक्षिणेपेक्षा यजमानाकडच्या जेवणात त्याला जास्त रस. पूजा सांगून आला की गल्लीच्या तोंडापासूनच शरदिनीला कढीत काय काय होतं ते सांगत यायचा. थोरला भाऊ ढुंढिराज मात्र दुसऱ्या मातीचा. वेणीमाधवापेक्षा अकरा वर्षांनी मोठे, वडील लवकर गेले म्हणून धाकट्याची मुंज, अध्ययन, लग्न, सगळं त्यांनी केलं. शरदिनीची लग्नपत्रिकासुद्धा, कुंकवाची बोटं लावून मुलीकडे जाते ती, त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिली होती. घाटावर त्यांच्या शब्दाला मान. दोन भावांत कुणाचं काय ते विचारल्याशिवाय कळत नसे, इतकं एकीचं घर. मला भाऊ नाही, तेव्हा मला त्या घराचा हेवाच वाटायचा. आता तो शब्द आठवला की माझा मलाच राग येतो.

२०२३च्या डिसेंबरात, मार्गशीर्ष शुद्ध दशमीला, दोघे भाऊ मंगला गौरीच्या चढावर एका नव्या गेस्ट हाउसची वास्तुशांत करायला गेले होते. जुनं घर पाडून चार मजले चढवलेले, वर गंगा दिसेल अशी गच्ची, गच्चीला लोखंडी कठडा आणि कठड्याला रोषणाईच्या माळा गुंडाळलेल्या. अकराच्या सुमाराला चार माणसांनी वेणीमाधवला खांद्यावर घालून घरी आणलं. सोबत एक डॉक्टर होता. तो गेस्ट हाउसच्या मालकाने आणला होता, हे त्या वेळी कुणाच्या ध्यानात आलं नाही. त्याने चिठ्ठी लिहिली, हृदयक्रिया बंद पडून मृत्यू.

शरदिनीने त्याचे हात पुसायला घेतले तर उजव्या तळव्यावर आडवा काळा डाग. तिने विचारलं हे काय. ढुंढिराज म्हणाले, होमातला निखारा उचलताना भाजलं. तिने मान हलवली आणि डागावर तूप लावलं. मेलेल्या माणसाच्या भाजण्यावर तूप लावणारी बाई मी त्या दिवशी पाहिली आणि मला वाटलं, दुःखाने हिचं भान गेलंय. भान तिचं एकटीचंच ठिकाणावर होतं, आम्हा बाकीच्यांचं गेलं होतं.

गल्लीतल्या कुणीतरी चौकीला फोन केला असावा. तासाभरात दारोगा आला. पोस्टमार्टम करायचं असेल तर बॉडी पाठवावी लागेल, म्हणाला. कुठे, तर वरुणेपलीकडे. आता हे बाहेरच्याला सांगून पटणार नाही. वरुणा आणि असी या दोन नद्यांच्या मधली ती काशी, आणि या दोन नद्यांच्या आत ज्याने देह ठेवला त्याचं कल्याण झालं, असं मानणारी आम्ही माणसं. ज्याला काशीत मरण आलं त्याला चिरफाड करायला वरुणेपार न्यायचं म्हणजे हातात पडलेला प्रसाद गटारात टाकायचा, असं आम्हाला वाटतं. ढुंढिराजांनी शरदिनीला एवढंच सांगितलं, "त्याला अखंड जाऊ दे. वरुणा ओलांडायला लावू नकोस."

दारोग्याने कागद पुढे केला. आम्हाला पोस्टमार्टम नको, आमचा कुणावर शक नाही, असं त्यावर हिंदीत लिहिलेलं होतं. शरदिनी त्या कागदाकडे बघत बसली. मी तिच्या शेजारी होते. मी तिला म्हटलं, अगं, वडीलधारं माणूस सांगतंय तर ऐक. सहीला पेन सापडेना. मी माझ्या घरी गेले आणि पेन घेऊन आले.

पेन माझं होतं. हे मी कोर्टात सांगायला तयार आहे, पण तिथे ते कुणी विचारत नाही.

दोन वाजता मणिकर्णिकेवर अग्नी दिला. घरात मुलगा नाही, ईशानी एकुलती एक मुलगी, तेव्हा क्रियेला ढुंढिराजच बसले. घाटावरच्या नगर निगमच्या पावतीवर मृत्यूचं कारण त्यांनीच सांगितलं, स्वाभाविक. तिथून ते मृत्यूच्या दाखल्यावर उतरलं. दहा दिवसांत सगळे कागद एकमेकांशी जुळले आणि वेणीमाधव हृदयविकाराने गेलेला माणूस झाला.

पुढे संक्रांतीच्या सुमाराला ढुंढिराजांच्या मुलाला, देवव्रताला, त्याच गेस्ट हाउसमध्ये नोकरी लागली. काउंटरवर कोट घालून बसायची. शरदिनीने गल्लीत पेढे वाटले. तिच्या हातचा पेढा मीही खाल्ला आणि गोड आहे म्हणाले.

कुजबुज होतीच. दूधवाला म्हणाला की गच्चीवरचा लोखंडी कठडा दहाव्याच्या आत कापून नेला आणि लाकडी बसवला. पानवाल्याकडे एक मिस्त्री बोलून गेला की माळेच्या वायरीला कुठे कुठे कव्हरच नव्हतं, दवाने कठडा ओला, पंडितजींनी अर्घ्य द्यायला टेकून हात लावला. शरदिनीने हे सगळं ढुंढिराजांच्या कानावर घातलं. लोकांना काय, असं ते म्हणाले, आणि मग जरा थांबून विचारलं की माझ्यावर भरवसा नाही का. हा प्रश्न असा आहे की सज्जन बाईला त्याचं एकच उत्तर देता येतं. तिने तेच दिलं आणि दीड वर्षं वाती वळत राहिली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

गप्प बसली नाही ती ईशानी. पोरगी विद्यापीठात एम.ए. करते, अर्धं मराठी अर्धं हिंदी बोलते आणि ऐकलेली गोष्ट विसरत नाही. गेल्या वर्षी जूनमध्ये ती आईला ओढत मालविकाकडे घेऊन गेली. मालविका ब्रह्माघाटावरच्या आमच्याच लोकांतली, कचहरीत वकिली करते. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे मी त्या दोघींना जिन्यातच ऐकवलं, आणि मग चपला घालून त्यांच्याबरोबर गेले. कचहरी वरुणेपलीकडे आहे. पूल ओलांडताना शरदिनीने खाली पाहिलं. वरुणेत पाणी होतं ते काळं, त्यावर जलपर्णी.

मालविकाने सगळं ऐकून घेतलं, कागद उलटसुलट केले आणि सहीच्या कागदावर थांबली. मला वाटलं आता म्हणणार की खेळ खलास. तसं ती म्हणाली नाही. "मावशी, तुम्ही सही केली म्हणून त्यांचा गुन्हा माफ झाला असं कायद्यात कुठेच नाहीये. बस, मुश्किल झालंय." मग तिने समजावलं. कुणाच्या हलगर्जीने माणूस मेला तर पोलिसात तक्रार देता येते, पोलिसांनी घेतली नाही तर मॅजिस्ट्रेटपुढे अर्ज देता येतो. ती वाट फौजदारीची, शिक्षेची. वीज सुरक्षेचं एक सरकारी खातं असतं, विजेने माणूस गेला तर तिथला निरीक्षक येऊन चौकशी करतो, पण त्याला कळवायचं काम मालकाचं आणि मालकाने कळवलंच नव्हतं. आणि दिवाणी वाट वेगळी. इंग्रजांच्या काळातला, १८५५चा एक कायदा अजून चालू आहे. ज्याच्या चुकीने माणूस गेला त्याच्यावर बायको, मुलं, आईबाप नुकसानीचा दावा लावू शकतात. तिथे शंभर टक्के पुरावा लागत नाही, कुणाचं म्हणणं जास्त खरं वाटतं ते बघतात. पण मुदत मृत्यूच्या दिवसापासून दोन वर्षं.

शरदिनीने बोटांच्या पेरांवर मोजलं. डिसेंबरची एकवीस, म्हणाली. मालविकाने कॅलेंडर बघितलं आणि हो म्हणाली.

सगळ्या वाटा मात्र एकाच दाराशी येऊन थांबत होत्या. विजेने मेला हे कोण सांगणार? शरीर नाही, कठडा नाही, मिस्त्री रामनगरला राहायचा तो कुठे गेला पत्ता नाही. गच्चीवर त्या क्षणी दोनच माणसं होती, एक गेलेला आणि एक ढुंढिराज. मालविका म्हणाली, तुमचे जेठजी खरं बोलले तर केस आहे, नाही तर हवा आहे.

खरं म्हणजे तेव्हाच कळायला हवं होतं. पण शरदिनीला वाटलं, दादांनी त्या दिवशी गोंधळात काही चुकीचं पाहिलं असेल, आता शांतपणे विचारलं तर आठवेल. पोलिसात तक्रार दिली. पोलिसांनी आधी दीड वर्षं कुठे होतात असं विचारून घेतलं, मग ढुंढिराजांचा जबाब लिहिला. जबाबात होतं, माझा भाऊ बोलता बोलता छातीला हात लावून बसला, मी स्वतः समोर होतो, कुठलाही करंट लागला नाही. खाली वळणदार सही. मॅजिस्ट्रेटपुढच्या अर्जालाही तोच जबाब जोडून आला. वीज खात्याचा माणूस येऊन लाकडी कठडा बघून गेला.

मालविकाने जबाब वाचून दाखवला तेव्हा शरदिनी म्हणाली, मग तसंच असेल. तिचा आवाज ऐकून मला तिला हलवावंसं वाटलं. ती हरली याचं मला तेवढं काही नव्हतं, पण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला काळा डाग ती त्या माणसाच्या शब्दावर पुसायला निघाली होती. ईशानी चार दिवस आईशी बोलली नाही.

मग भाद्रपद आला. पितृपक्ष. वर्षश्राद्ध झाल्यानंतरचा हा वेणीमाधवाचा पहिला महालय. ज्या तिथीला माणूस गेला त्या तिथीला पक्षात श्राद्ध, हे तर मलासुद्धा कळतं. दशमीला गेला, दशमीला श्राद्ध. शरदिनीने गव्हल्यांची खीर, वडे, कारल्याची भाजी, त्याला आवडणारी कढी, सगळ्याची यादी करून ठेवली होती. अष्टमीच्या दिवशी देवव्रताचा तिला फोन आला. बाबांनी सांगितलंय, काकाचं श्राद्ध दशमीला नाही, चतुर्दशीला धरायचं.

दुपारी ती माझ्या दारात उभी राहिली. हाताला कापूस चिकटलेला. बस म्हटलं तर बसली नाही.

"प्रभाताई, चतुर्दशी म्हणाले."

मी म्हटलं, मग काय झालं, त्यांना दशमीला दुसरीकडचं बोलावणं असेल. मी शाळेत मठ्ठ पोरांकडे बघत असे, तशी ती माझ्याकडे बघायला लागली. मग तिने सांगितलं. पितृपक्षातली चतुर्दशी ही घातचतुर्दशी. त्या दिवशी सगळ्यांचं श्राद्ध करत नाहीत. जे शस्त्राने गेले, पाण्यात गेले, आगीत, सापाने, विजेने, म्हणजे ज्यांना आपलं मरण आलं नाही, अपघाताने आलं, त्यांचंच त्या दिवशी. छातीत कळ येऊन गेलेल्या माणसाचं चतुर्दशीला करत नाहीत. ढुंढिराजांएवढ्या शास्त्र जाणणाऱ्या माणसाच्या हातून ही चूक होणारच नाही.

आता ती बसली. जमिनीवरच बसली. थोड्या वेळाने म्हणाली, दुर्मरण धरलं असेल तर त्यांनी अकराव्या दिवशी नारायणबली केला असणार. त्याशिवाय पुढचं काही चालतच नाही. आणि मग तिला आठवलं की अकराव्याला ढुंढिराज म्हणाले होते, पंचगंगा घाटावर गर्दी आहे, मी लांब करून येतो. दुपारी उशिरा ओल्या धोतराने आले होते. आम्ही बायका कुठे जातो घाटावर बघायला. लांब म्हणजे कुठे, हे तिला विचारावंसंही वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नवमीला आम्ही तिघी पिशाचमोचनला गेलो. अकाली गेलेल्यांची क्रिया करायला सगळा मुलूख तिथे येतो. कुंडाकाठच्या झाडाला खिळे ठोकलेले, नाणी ठोकलेली, कुणाकुणाचे फोटो. पितृपक्षामुळे पाय ठेवायला जागा नव्हती. तिथले पंडे आपल्याकडे आलेल्या प्रत्येक घराण्याचं नाव वहीत लिहून ठेवतात, आणि लिहायचं ते यजमानाने स्वतःच्या हाताने, सहीसकट. पुढची पिढी आली की वही उघडून आजोबांचं अक्षर दाखवतात. दोन पंड्यांनी आम्हाला हुसकावलं. तिसरा म्हातारा होता. शरदिनीने घराणं, गाव, घाट सांगितला तर त्याने लाल कापडातली लांबट वही काढली आणि थुंकी लावून पानं उलटायला लागला.

त्याने पान समोर धरलं. ईशानीने वाचायला सुरुवात केली आणि तिला पुढे वाचवेना, मग मी वाचलं. कै. वेणीमाधव, वय एकोणपन्नास, मार्गशीर्ष शुद्ध दशमी, काशीक्षेत्री विद्युत्-आघाताने दुर्मरण, बंधू ढुंढिराज याने नारायणबली केला. खाली तारीख आणि तीच वळणदार सही. मरणानंतर अकराव्या दिवशी लिहिलेलं. पोलिसांना जबाब दिला त्याच्या दीड वर्ष आधी.

शरदिनीने त्या अक्षरावर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही. पंडा म्हणाला, ले जाने नहीं देंगे, लेकिन अदालत बुलाएगी तो बही लेकर हम खुद चलेंगे, पहले भी गए हैं जमीन के मुकदमे में. ईशानीने पानाचा फोटो काढला. आम्ही रिक्षाने परत निघालो. मी मनात म्हणत होते, कुंपणानेच शेत खाल्लं, आणि त्या कुंपणाला हळदकुंकू आम्हीच लावत होतो.

मला वाटलं होतं ती रडेल, किंवा आरडाओरडा करेल. मी असते तर केला असता. ती संध्याकाळी ढुंढिराजांच्या घरी गेली आणि मला बरोबर नेलं. ते संध्या आटोपून पाटावर बसले होते. देवव्रत आत होता, तो बाहेर आला नाही. शरदिनीने रोजच्यासारखा वाकून नमस्कार केला, आणि एवढंच विचारलं की दशमी का नाही.

त्यांनी आधी पंचांगाकडे हात नेला, मग मागे घेतला. ते कुणाला तिथी सांगायला निघाले आहेत, हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. अशी बायको घरात आणली तर धाकट्याला पंचांग लागणार नाही, असं लग्नात त्यांनीच चिडवलं होतं. मग बोलले. मालकाने पाय धरले, म्हणाले. नवं काम होतं, परवाना अडकला असता. गेलेला परत येणार नव्हता. देवव्रत तीन वर्षं घरी बसला होता. आणि खरंच त्याला वरुणेपार पाठवायला मन धजलं नाही, ते खोटं नव्हतं, म्हणाले.

"मग चतुर्दशी तरी कशाला, दादा? तिथेही दशमीच सांगायची."

"नाही गं. पोलिसांपुढे खोटं बोललो, त्याला प्रायश्चित्त आहे. पण श्राद्धाला तिथी चुकली तर त्याला पोचणार नाही. तो उपाशी राहील. त्याच्याशी खोटं कसं बोलू?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मला सांगायला लाज वाटते, पण क्षणभर मला त्यांची कीव आली. शरदिनी उठून उभी राहिली होती.

"त्याच्याशी नाही बोलवलं. आणि माझ्याशी, दादा? मी जिवंत आहे म्हणून माझ्याशी चालतं?"

तिने पुन्हा विचारलं, पितरांना जे सांगितलंत ते जजसाहेबांना सांगाल का. त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं, जिथे देवव्रत उभा होता, आणि मान खाली घातली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, असं म्हणून आमच्याकडे अशा गोष्टी झाकतात. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. तिने चप्पल घातली आणि जिना उतरली. नमस्कार केला नाही. त्या घरात लग्न होऊन आल्यापासून सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

श्राद्ध चतुर्दशीलाच झालं, पण ढुंढिराजांच्या हातून नाही. ईशानीने केलं. एक तरुण गुरुजी तयार झाले, बाकीच्यांनी पोटदुखी, परगाव, सोयर अशी कारणं सांगितली. ढुंढिराज सकाळी दर्भ आणि तीळ घेऊन दाराशी आले होते. शरदिनीने दार उघडलं, त्यांच्या हातातलं सामान घेतलं, आणि दार लावून घेतलं. कढीचा नैवेद्य दाखवताना तिने पानावर दोनदा कढी वाढली. नंतर मला म्हणाली, एवढं मात्र खरं सांगितलं त्यांनी, तिथी बरोबर होती.

दिवाळीनंतर दावा लागला. मुदत संपायला महिनाभर होता. मालविका म्हणाली की मालक म्हणेल ही वहीतली सही ढुंढिराजांची नाहीच, आणि ते स्वतःही कदाचित नाही म्हणतील. म्हणून त्यांचं दुसरं, जुनं, कुणी नाकारू शकणार नाही असं अक्षर हवं, शेजारी ठेवून दाखवायला. पत्र, पावती, काहीही. ढुंढिराज पत्रं लिहीत नाहीत. शरदिनी म्हणाली, बघते.

पुन्हा पूल ओलांडला. थंडी पडली होती, ई-रिक्षात आम्ही दोघीच होतो. पुलाच्या मधोमध ती म्हणाली, "त्या दिवशी यांना इथून नेलं असतं, तर मला यावं लागलं नसतं." मला पेनाची आठवण झाली. मी ते सांगायला तोंड उघडलं तर ती म्हणाली, राहू द्या ताई, सही मी केली होती.

कचहरीत मालविकाच्या टेबलाशी मुन्शी कागद लावत होता. शरदिनीने पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक कागद काढला. चारी कोपऱ्यांना कुंकवाची बोटं, आता तपकिरी पडलेली. वर श्रीगजानन प्रसन्न, मध्ये चि. वेणीमाधव आणि चि. सौ. कां. शरदिनी, मुहूर्त, आणि खाली तीच वळणदार सही. मालविकाने ते उजेडात धरून सही पाहिली. मग म्हणाली, मावशी, हे असली लागेल, फोटोकॉपी चालणार नाही. केस संपली की अर्ज देऊन परत मिळतं.

"किती दिवसांनी?"

"दिवस नाही. साल लागतील."

शरदिनीने कागद एकदा परत घेतला. वाचला नाही, फक्त कुंकवाच्या एका बोटावर अंगठा फिरवला आणि मुन्शीच्या हातात दिला. त्याने पंच मशीन घेतलं आणि दोघांच्या नावांच्या वर, समासात, दोन भोकं पाडली.